प्रोजेस्टेरॉनची गोळी: कशासाठी दिलीय, कशी घ्यायची, कधी थांबवायची

मेडिकलच्या काउंटरवर प्रोजेस्टेरॉन हे नाव सहसा कोणी घेत नाही. "ताई, पाळी यायची गोळी द्या", "पाळी लांबवायची गोळी द्या", "गर्भ टिकायची गोळी द्या" असंच मागतात, आणि तिन्ही वेळा माझा हात एकाच कप्प्याकडे जातो. मग घरी गेल्यावर शंका येते, की माझ्या जावेला तर हीच गोळी पाळी यायला दिली होती, मग मला दिवस गेलेले असताना हीच कशी काय दिली? अशा शंकेपोटी गोळी परस्पर बंद केलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून हे एकदा नीट लिहितेय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी सुरू करणं, डोस बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण जी गोळी पोटात चाललीय तिची माहिती तुम्हाला असायलाच हवी.

आधी हे हार्मोन करतं काय

महिन्यात एकदा अंडं फुटतं, बरोबर? ज्या जागेवरून ते सुटतं तिथे अंडाशयावर एक पिवळसर गाठ तयार होते, तिला कॉर्पस ल्युटियम म्हणतात, आणि ती गाठ प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते. त्याने गर्भपिशवीचं आतलं अस्तर मऊ, पोसलेलं होतं, गर्भ रुजायला तयार. दिवस राहिले नाहीत तर साधारण दोन आठवड्यांत ती गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. दिवस राहिले तर गाठ काम करत राहते, आणि साधारण ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास वार ते काम आपल्याकडे घेते.

म्हणजे एवढंच लक्षात ठेवा: प्रोजेस्टेरॉन चालू आहे तोवर अस्तर धरून राहतं, ते खाली आलं की अस्तर सुटतं. आता तिन्ही गोळ्या यात बसवून बघा. लांबवायची असेल तर गोळी चालू ठेवायची, पाळी आणायची असेल तर काही दिवस देऊन बंद करायची, आणि गर्भाला आधार द्यायचा असेल तर वार तयार होईपर्यंत किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत देत राहायचं. जावेची गोळी आणि तुमची गोळी त्याच घराण्यातली असली तरी काम वेगळं असू शकतं ते यामुळे.

पहिली पायरी: चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या

ओपीडीत गर्दी असते, मॅडमना वेळ नसतो, सगळं मान्य आहे. तरी उठायच्या आधी एवढं विचाराच, मॅडमना नाही तर बाहेरच्या सिस्टरना: कुठलं औषध, कशासाठी, कुठल्या वाटेने म्हणजे तोंडाने की खालून (योनीमार्गात ठेवून) की इंजेक्शन, आणि कुठपर्यंत. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि मग कोणी स्ट्रिप संपली म्हणून थांबतं, तर कोणी तीच जुनी चिठ्ठी दाखवून सहा-सहा महिने गोळी नेत राहतं.

आणि तुम्ही न विचारता सांगायच्या गोष्टी: आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, ब्रेस्ट कॅन्सर, लिव्हरचा आजार, कावीळ, कारण न कळलेलं ब्लीडिंग. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर त्या या हार्मोनचा असर कमी करतात, तेही सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा, कारण काही कॅप्सूलच्या आत शेंगदाणा तेल असतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

दुसरी पायरी: आपली गोळी या घराण्यातली नेमकी कुठली ते ओळखा

स्ट्रिप उलटी करा. एक नाव कंपनीने ठेवलेलं असतं, आणि त्याच्याजवळच खऱ्या औषधाचं नाव असतं, ते वाचा.

"नॅचरल मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन" असं असेल तर ते शरीरातल्यासारखंच हार्मोन आहे, फक्त अगदी बारीक करून तेलात घोळवलेलं, कारण नुसतं तोंडाने घेतलं तर लिव्हर त्यातलं बरंचसं आधीच मोडून टाकतं. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), गरोदरपण, मेनोपॉज (पाळी कायमची जाणं) यांत हे जास्त चालतं. "डायड्रोजेस्टेरॉन" म्हणजे डुफास्टन आणि तसल्या गोळ्या, रचना थोडी बदललेली, तोंडाने नीट लागू पडते. आयव्हीएफमध्ये खालून ठेवायच्या कॅप्सूलइतकीच ही गोळी चालते असं २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, त्यामुळे "तिला खालून दिलं, मला नुसती गोळी, माझी ट्रीटमेंट हलकी आहे का" अशी काळजी करू नका. "मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन" जास्त करून पाळी आणायला. "नॉरएथिस्टेरॉन" म्हणजे प्रायमोल्यूट, रेजेस्ट्रॉन वगैरे, पाळी लांबवायला आणि जास्त ब्लीडिंग थांबवायला. "डायनोजेस्ट" एंडोमेट्रिऑसिसला, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्या आजाराला. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मिळणारं अंतरा इंजेक्शन आणि पिशवीत बसवायची हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू, हीसुद्धा याच घराण्यातली, पण तो विषय वेगळा.

एक मात्र पक्कं: ही औषधं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. "ते नाही ना, मग त्यातलं दुसरं द्या" असं माझ्याकडे रोज कोणीतरी म्हणतं. तेच औषध, तीच ताकद, दुसऱ्या कंपनीचं जेनेरिक, हे चालेल, स्वस्तही पडेल. पण औषधच वेगळं असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदलू नका.

पाळी लांबवायची असेल तर

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराई, या दिवसांत नॉरएथिस्टेरॉनची सगळ्यात जास्त मागणी. पाळीत देवघरात जायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण गोळी घेणार असाल तर नीट घ्या. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मध्ये एखादी गोळी विसरली तर डाग लागू शकतात. आणि या गोळीवर असताना दिवस राहत नाहीत असं समजू नका, अशा घेण्याने ती गर्भनिरोधक होत नाही.

चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांचा राग येतो मला, खरं सांगते, कारण या डोसला नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात जाऊन एथिनिल इस्ट्राडिओल होतो, म्हणजे रोजच्या गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन, आणि त्याने रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. सगळ्यांना नाही. पण जिला आधी गाठ झालीय, जिला डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखायचं मायग्रेन आहे, जी सिगारेट ओढते, जिचं वजन खूप आहे, तिच्यासाठी डॉक्टर दुसरा पर्याय देतात. आणि सासूबाई सुनेसाठी गोळी घ्यायला येतात तेव्हा यातलं एकही त्यांना माहीत नसतं. सुनेने स्वतः डॉक्टरांना विचारावं, एक फोन पुरतो. दर सणाला घ्यायची सवय लावून घेऊ नका, सायकल विस्कटते आणि मग खरोखर काही बिघडलं असेल तर ते कळत नाही.

पाळी आणायची असेल तर

आधी युरिन टेस्ट. मग गोळी. हा क्रम मोडायचा नाही.

पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासात, अंडंच वेळेवर फुटत नाही, त्यामुळे ती पिवळी गाठ बनत नाही, प्रोजेस्टेरॉन येत नाही आणि अस्तर नुसतं वाढत राहतं. महिनोन्महिने ते तसंच राहिलं तर पुढे जाऊन अस्तरात बिघाड व्हायचा धोका असतो, म्हणून तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही तर डॉक्टर पाच ते दहा दिवसांचा कोर्स देतात. कोर्स संपल्यावर बहुतेक आठवडाभरात पाळी येते. इतक्या दिवसांचं साठलेलं असल्यामुळे जास्त आणि गाठी पडून जाऊ शकतं, घाबरू नका, पण दर तासाला पॅड भिजत असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा. दोन आठवडे वाट बघूनही आली नाही तर पुन्हा टेस्ट, पुन्हा डॉक्टर. त्याच गोळ्यांचा दुसरा कोर्स आपल्या मनाने नको.

आता एक गोष्ट जी लाजेने कोणी बोलत नाही. दिवस गेलेत की काय या भीतीने "पाळी यायची गोळी" मागतात, अविवाहित मुली येतात, दोन लेकरं असलेल्या बायकाही येतात. या गोळीने गर्भ खाली होत नाही. होणार कसा, हे तर गर्भाला धरून ठेवणारं हार्मोन आहे. गर्भपातासाठी जे मिफेप्रिस्टोन देतात ते नेमकं प्रोजेस्टेरॉनलाच अडवतं, आणि ते फक्त कायद्याने मान्यता असलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. अशा वेळी आठवडे वाया घालवू नका, सरळ स्त्रीरोग तज्ज्ञाकडे जा, अविवाहित असाल तरी तुम्हाला तो हक्क आहे आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

खालून ठेवायची कॅप्सूल: हे कोणी शिकवत नाही म्हणून सविस्तर

चिठ्ठीवर "पी/व्ही", म्हणजे योनीमार्गातून, असं लिहिलेलं असतं, काउंटरवर नवरा आलेला असतो, तो विचारत नाही, मी हळू आवाजात सांगितलं तरी त्याला संकोच, आणि घरी बायको ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळते. खूपदा होतं हे. म्हणून नीट वाचा.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, किंवा उभं राहून एक पाय स्टुलावर ठेवा, जे जमेल ते. कॅप्सूल कोरडी वाटली तर पाण्याचं एक बोट लावा. तर्जनीने आत, सहज जाईल तितकी वर सरकवा, पाठीच्या कण्याच्या दिशेने, सरळ वर नाही. दुखेपर्यंत ढकलायची गरज नाही, आणि हरवते वगैरे काही नाही, तिथून पुढे ती कुठे जाऊ शकत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं पडून राहा, म्हणून रात्रीची वेळ बरी. दिवसातून दोनदा किंवा तीनदा असेल तर अंतर सारखं ठेवा.

सकाळी तेलकट, पांढरं, कधी दह्यासारखं अंगावरून जातं. औषध वाया गेलं असं वाटतं, पण तसं नसतं, औषध आत शोषलं गेलेलं असतं, बाहेर येतं ते तेल आणि कॅप्सूलचं आवरण. पातळ पॅड लावा, टॅम्पॉन नको. आतून पाण्याने किंवा व्ही-वॉशने धुत बसू नका. खाज, जळजळ, वास असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा. कधी बोट लागून किंवा आतली त्वचा नाजूक झाल्याने किंचित तपकिरी डागही दिसतो, डॉक्टरांना कळवा पण कॅप्सूल बंद करू नका.

तोंडाने घ्यायच्या एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणाऱ्या, गोळ्या खालून ठेवायच्या नाहीत, आणि त्या तोडून, चावून पण खायच्या नाहीत.

उन्हाळ्याचं एक सांगते. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये या मऊ कॅप्सूल स्ट्रिपमध्येच एकमेकींना चिकटतात, दाबली की फुटते. पर्समध्ये, गाडीच्या डिकीत, गॅसजवळच्या फडताळात ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा आणि पाकिटावर लिहिलेलं तापमान बघा.

इंजेक्शन असेल तर तेलातलं कुल्ल्यावर घेतात, दंडात नाही. जाड असतं, दुखतं, आणि रोज असेल तर गाठी येतात. बाजू आलटून पालटून घ्या, नंतर कोमट शेक द्या. गाठ लाल, गरम झाली, ताप आला तर दाखवा.

गरोदरपणात दिलं असेल तर

इथे थोडं थांबून वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त अपराधीपणा आहे.

आपल्याकडे टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच प्रोजेस्टेरॉन, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. खरं तर ज्या बाईला काही त्रास नाही, ब्लीडिंग नाही, आधी गर्भपात झालेला नाही आणि दिवस आपोआप राहिलेत तिला याचा फायदा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ४८ हॉस्पिटलांत झालेल्या प्रिझम अभ्यासाचे निकाल आले, सुरुवातीच्या दिवसांत ब्लीडिंग झालेल्या ४१५३ बायका, निम्म्यांना ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा खालून, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. सगळ्या मिळून पाहिलं तर बाळ हाती आलं ७५ टक्के आणि ७२ टक्के, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. यावरून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं, की आधी एक जरी गर्भपात झालेला असेल आणि आता ब्लीडिंग होत असेल तर हे द्यावं, आणि बाळाचे ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "मला कशासाठी?" उत्तर मिळालं की मन लावून घ्या. आणि डोस चुकला म्हणून बाळ गेलं असं आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरणाऱ्या बायका आहेत, त्यांना कोणीतरी सांगायला हवं की सुरुवातीचे निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भपात गर्भातल्या क्रोमोझोमच्या गडबडीने होतात, ते कुठल्याच गोळीने थांबत नाहीत. पाय वर करून पडून राहिल्यानेही थांबत नाहीत. घरच्यांनी तिला बोल लावू नये.

ब्लीडिंगबरोबर पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, खांदा दुखत असेल तर गोळी आणायला मेडिकलमध्ये येऊ नका, तडक सोनोग्राफीची सोय असलेल्या हॉस्पिटलला, गाडी नसेल तर १०८. गर्भ नळीत असू शकतो, तिथे प्रोजेस्टेरॉनचा काही उपयोग नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोचल्यावर पहिलं तेच सांगा.

आयव्हीएफचं गणित वेगळं. फ्रोझन ट्रान्सफरला, म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ पिशवीत सोडताना, जर हार्मोनच्या गोळ्या देऊन अस्तर तयार केलं असेल तर त्या महिन्यात अंडं फुटलेलंच नसतं, पिवळी गाठ नाही, म्हणजे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास नाहीच, सगळं बाहेरून. इथे वेळ काटेकोर पाळा, मोबाईलला अलार्म लावा, आणि स्ट्रिप संपायच्या तीन-चार दिवस आधीच दुसरी आणून ठेवा, रविवारी संध्याकाळी मिळेलच असं नाही. आययूआय (शुक्राणू नळीने पिशवीत सोडतात ते) नंतर देतात तो जास्तीचा आधार असतो, त्यामुळे एखादा डोस दोन तास उशिरा झाला म्हणून रडू नका. दोन्हीकडे छाती जड होणं, पोट फुगणं, झोप, मळमळ ही औषधाचीच लक्षणं असू शकतात, त्यावरून "राहिलंय" किंवा "नाही राहिलं" असा अंदाज बांधू नका, बीटा एचसीजीची, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्टची, तारीख येऊ द्या. थोडे डाग लागले तरी आपल्या मनाने बंद करू नका. आणि खालून कॅप्सूल चालू असताना रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कमी दिसू शकतं, कारण औषध पिशवीपाशी जास्त पोचतं. डुफास्टन तर नेहमीच्या प्रोजेस्टेरॉनच्या टेस्टमध्ये दिसतच नाही. रिपोर्ट गुगल करून रात्र काढू नका.

पिशवीच्या तोंडाची लांबी पाचव्या महिन्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत २५ मिलिमीटरहून कमी आली तर रोज रात्री २०० मिलिग्रॅम खालून देतात, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत, वेळेआधी बाळंतपण होऊ नये म्हणून. याला चांगला आधार आहे. आठवड्याला एक घ्यायचं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट इंजेक्शन मात्र वेगळं, त्याची मान्यता अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली कारण मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. तुम्हाला ते लिहून दिलं असेल तर कारण नक्की विचारा.

चाळिशी-पन्नाशीत

मेनोपॉजला इस्ट्रोजेन सुरू केलं आणि गर्भपिशवी अजून आहे तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका येतो. रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम, असं साधारण असतं. झोप चांगली लागते म्हणून काही जणींना आवडतं पण. इस्ट्रोजेनचं जेल चालू ठेवून "ती झोपेची गोळी" तेवढी बंद करू नका.

आणि पंचेचाळिशीनंतर महिन्यातून दोनदा जातंय, दहा-दहा दिवस जातंय, की आणा नॉरएथिस्टेरॉन, थांबलं की विसरा, पुन्हा सुरू झालं की पुन्हा आणा, हे मला फार खुपतं. आधी सोनोग्राफी, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासणं, मग गोळी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी लागला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं.

त्रास काय होतो, आणि डोस विसरला तर

तोंडाने घ्यायचं नॅचरल प्रोजेस्टेरॉन झोप आणतं, गरगरतं, कारण त्यातून मेंदूला शांत करणारा एक पदार्थ बनतो. म्हणून रात्री झोपताना, भरल्या पोटावर लगेच नाही, कारण जेवणाबरोबर जास्त शोषलं जातं आणि गरगर वाढते. गोळी घेऊन स्कूटी काढू नका. मूड उतरणं, चिडचिड, रडू येणं पण होतं, ते घरात आधीच सांगून ठेवा, आणि फारच खाली गेल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका, प्रकार किंवा वाट बदलून देता येते.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक जबरदस्त डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

डोस विसरला तर आठवल्यावर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नाही. आयव्हीएफवाल्यांनी मात्र सेंटरला फोन करून सांगायचंच, तिथल्या सिस्टरचा नंबर सेव्ह करून ठेवा.

थांबवताना गरोदरपणात आणि आयव्हीएफमध्ये तारीख डॉक्टरांकडूनच घ्या, १० आठवडे की १२ की १६ की ३६ हे कशासाठी दिलंय त्यावर ठरतं. उरलेल्या कॅप्सूल शेजारणीला, बहिणीला देऊ नका, तिची चिठ्ठी तिची. न फाडलेली स्ट्रिप आणि बिल असेल तर ज्या मेडिकलमधून घेतली तिथे विचारून बघा, बरेच जण परत घेतात.